परकोटातला एक फेरा

अमरावतीचा परकोट पाहायला वाटाड्या लागत नाही. सकाळी अंबादेवीचं दर्शन घ्यावं, अंबा दरवाजातून आत शिरावं आणि भिंत फार वेळ नजरेआड होऊ न देता चालत सुटावं. पाच वेशी आणि चार खिडक्या झाल्या की माणूस पुन्हा देवीच्या दारात येतो. खिडकी म्हणजे लहान वेस, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा केलं तसं तुम्हीही मान वर करून खिडकी शोधत बसाल. पुण्यात वाड्याला भिंत असते, इथे अख्ख्या वस्तीलाच आहे. दगडी, जाड, वर गवत उगवलेली, आणि त्या गवतात हमखास एक शेळी. ती तिथे चढली कशी, हे तिथल्या लोकांनाही सांगता येत नाही.

नाताळच्या सुट्टीत जाऊन आलो. तेव्हापासून शाळेतले सहकारी म्हणताहेत, तुम्ही भूगोल शिकवता, नकाशा हातात घेऊन एकटे हिंडलात, तर लिहा काहीतरी. लिहितो. पण नकाशाचा उल्लेख निघालाच आहे तर आधी एक सांगायला हवं. तो नकाशा मीच काढलेला होता आणि त्यात एक चूक होती.

तीस वर्षांपूर्वी, बाविशीत असताना, मी वऱ्हाडात नझूल मोजणीत नोकरीला होतो. नझूल म्हणजे गावातली सरकारी जागा. ती कुठली आणि लोकांची कुठली, हे ठरवायला घरन् घर मोजावं लागतं. परकोटातल्या बुधवारा मोहल्ल्यात दोन घरांच्या मागे एक बोळ होता. तो दोघांचा होता. मी एकाचा लिहिला. ज्याचा लिहिला त्यानं पुढे भिंत घातली, आणि दुसऱ्या घरातली बाई विहिरीपासून तुटली. मोजणी संपली, मी पुण्याला आलो, शाळेत लागलो, संसार झाला. ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही. यंदा निघताना बायको म्हणाली, "अमरावतीला आहे काय एवढं?" मी म्हणालो, "जुने दरवाजे."

अकोला

गाडीतल्या धुळीचं वर्णन वाचून कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही, म्हणून ते गाळतो. अकोल्याला उतरलो तेव्हा स्टेशनाबाहेर गुलाबराव छकडा घेऊन उभा होता. मोजणीच्या दिवसांत साखळीचं दुसरं टोक धरणारा हा माझा सोबती. आता काळ्या जमिनीचा मालक, जुन्या शहरात राहतो, मिशा पांढऱ्या झाल्यात, पण तोंड तेच.

"काहून बे पुनेकर, केस कोठी ठेवून आला?"

"तुझ्या मिशांना दिलेत."

"बस. कोटाले सुरकुती नको पडू देऊ. बैल हसतीन."

मोर्णा ओलांडली की जुनं अकोलं. असदगडाचे बुरूज, दहीहंडा वेस, अगरवेस, आणि मधे धाब्याची मातीची घरं, ज्यांच्या सपाट छपरांवर पऱ्हाट्यांचे भारे रचलेले. कापूस वेचून झाला की उरलेलं झाड म्हणजे पऱ्हाटी. तीच इथे चुलीत जाते. गावभर सरकीचा कोमट, तेलकट वास असतो. दुपारी गुलाबराव शेतावर गेला आणि मी एकटाच वेशी मोजत हिंडलो. नदीच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी मला दोनदा विचारलं, कोणाच्या घरचे? पुण्यात अनोळखी माणसाला "कोण पाहिजे?" असं विचारतात. त्यात दार लावून घेण्याची तयारी असते. इथल्या प्रश्नात दार उघडं असतं. कुणाच्या तरी घरचा असल्याशिवाय माणूस रस्त्यावर येईलच कसा, असा त्यांचा भाव.

रात्रीची वाट न पाहता दिवे लागायच्या आत जेवायला बसलो. चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल आणि कांद्याची पात, ओल्या तुरीच्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची भाजी, आणि भाकर. पुण्यात "अर्धी वाढू का?" असं विचारायची पद्धत आहे. गुलाबरावच्या बायकोनं काहीच विचारलं नाही. मी पानावर हात आडवा धरला तर तिनं भाकर हातावरच ठेवली.

"लाजून नका राहू भाऊजी. तुमच्याकडं जेवतात का चाखतात?"

जेवण झाल्यावर गुलाबरावनं एक ट्रंक उघडली. तळाशी अंथरलेलं कापड ओढून काढलं. आमच्या शीटची, म्हणजे मोजणीच्या नकाशाची, कापडावर उतरवलेली नक्कल! कचेरीनं टाकून दिली होती, ती त्यानं ट्रंकेला घातली होती. बुधवारा, गल्ल्या, विहिरी, आणि कोपऱ्यात माझी सही, वि. ग.

"घे. पन हे काहून पायजे तुले?"

"फिरायला. परकोट एकदा निवांत पाहतो."

"फिराले?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "ते बाई अजून हाये. भिंत बी हाये."

"कोण बाई?"

"नाटकं नको करू बे. दुर्गाकाकू."

मी कापडाची घडी घालत म्हणालो, "गुलाबराव, ती दाराआडून काय बोलली, ते मला तेव्हा ऐकू आलं नव्हतं."

"म्या रस्त्यावर साखळी धरून उभा होतो. तेथी मले ऐकू आलं. तू तं ओट्यावर बसेल होता."

"मग तू का नाही बोललास?"

"माह्यं कोन ऐकते? म्या साखळी ओढणारा गडी. पेन्सिल तुह्या हाती होती."

यावर मी सोल्यांच्या भाजीची स्तुती केली.

इथे थोडं समजावून सांगतो, कारण ज्यांनी कधी घर मोजलं नाही त्यांना वाटेल, बोळ प्रत्यक्ष पाहायला काय हरकत होती? हरकत सोवळ्याची होती. सकाळच्या वेळी मागचं अंगण, विहीर, स्वयंपाकघर, सगळं बायकांचं आणि सोवळ्यातलं. आमचे गडी आणि आमची लोखंडी साखळी तिथून जाणार कशी? म्हणून परकोटात आम्ही घरांची पुढची अंगं मोजायचो आणि मागची ऐकून लिहायचो. घरधनी ओट्यावर बसून मापं सांगे. शेजारी येऊन हो म्हणे. शेजारी पुरुष असला तर सही करी. विधवा बाई असली तर ती दाराआडून बोले, आणि तिचं बोलणं कागदावर यायचं की नाही ते पेन्सिलवाल्याच्या मर्जीवर असे.

त्या आठवड्यात मी, ज्यांचा म्हणून बोळ लिहिला त्याच अण्णासाहेब वकिलांकडे रोज जेवायला होतो. माझ्या मामांच्या ओळखीचे ते. परक्या गावात घरचं जेवण, आणि तेही आग्रहाचं. त्या दिवशी वडाभात होता. आतून फोडणीचा वास येत होता, पाटांचा आवाज येत होता. दुर्गाकाकू शेजारच्या दाराआडून म्हणाल्या, बोळ दोघांचा आहे, लिहून घ्या. सामाईक बोळ दाखवायला ठिपक्यांच्या दोन ओळी काढायच्या असतात. मी एक सरळ रेघ काढली.

अमरावती, पहिला दिवस

बडनेऱ्याला गाडी बदलून सकाळी पोचलो. देवीजवळच्या धर्मशाळेत पथारी टाकली आणि बाहेर पडलो. दरवाजाशीच शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांचे ढीग लागले होते. आमच्याकडे संत्रं आजाऱ्याच्या उशाशी ठेवतात. इथे बाईनं माझ्या टोपीत आठ टाकली, वर एक नववं, "चालता चालता खायाले." परकोटात तुम्ही कुठल्याही गल्लीत जा, जमिनीवरच्या सालींवरून कळतं की माणसं कुठल्या बाजूला गेलीत.

आत घरांना सागाचे खांब, रुंद ओटे, ओट्यावर दोरीनं बांधलेला झोपाळा किंवा बाज. दुपारी सगळी गल्ली ओट्यावर असते. पुण्यात आपण घरात बसतो आणि रस्ता बघतो. हे लोक रस्त्यातच बसतात आणि घराकडे पाठ करतात. नकाशा उलगडून, पेन्सिल कानावर ठेवून मी दारं मोजत चाललो होतो, तेवढ्यात एका ओट्यावरून बाई ओरडली,

"देवी टोचाले आला वो! पोट्टे आत घ्या!"

मला लस टोचणारा समजून दोन क्षणांत गल्ली रिकामी. खेळत्या पोरांच्या गोट्या तेवढ्या मधोमध राहिल्या. एक म्हातारे गृहस्थ मात्र हलले नाहीत.

"सुया दाखवा पाहू," ते म्हणाले.

मी पेन्सिल दाखवली. त्यांनी टोक बोटानं दाबून पाहिलं आणि मागे वळून जाहीर केलं, "बोथट आहे. या बाहेर."

त्यानंतर मला त्या गल्लीत तीन ठिकाणी चहा घ्यावा लागला.

बुधवाऱ्याच्या चौकाच्या कोपऱ्यावर करीमचाचा नावाचा कल्हईवाला भाता मारत बसला होता. नकाशात विहीर होती, पण वाटेत नवीन घरं झाल्यामुळे माझा हिशेब चुकत होता. त्याला विचारलं.

"सीधे जा साहेब. पाव फेरा चालले की विहीर."

"पाव काय?"

"फेरा." त्यानं भाता थांबवला. "बाहेरगावचे दिसता. इथं सगळं फेऱ्यानंच सांगतात. मशीद पाव फेरा. सराफा दीड फेरा. दवाखाना तीन फेरे, आजारी असला तर चार."

"आणि फेरा म्हणजे किती?"

"दुर्गाकाकूच्या दारापासून विहीर, आन् वापस. पहले मागच्या बोळातून बीस कदम होते. मग कोन्ही मोजणीवाला आला, नकाशात गडबड करून गेला. वकिलानं भिंत घातली. काकूचं सोवळं पक्कं, दुसऱ्याच्या हातचं पानी चालत नाही. मग काय? पुढच्या दारानं निघायचं, गल्ली, चौक, पलटून विहीर. तीस साल झाले. रोज. पोट्टेलोक चालता चालता मोजू लागले, एक फेरा, दोन फेरा. आता आमच्या मोहल्ल्यात तेच चालते."

त्यानं बाजूची तांब्याची घागर उचलून दाखवली. आत कल्हई चांदीसारखी लकाकत होती. "ही तिची तिसरी. दोनचे तळ झिजले, ओट्यावर ठेवून ठेवून."

"तो मोजणीवाला कोण होता?"

"खुदा जाने. सही वाचताच येत नाही म्हणतात."

मी संत्रं सोलत होतो. सोलत राहिलो. आयुष्यभर मी मुलांना फूट, फर्लांग, मैल शिकवले. एखादं माप माझ्यामुळे जगात आलं असेल असं काही मनात आलं नव्हतं.

तो फेरा मी चाललो. नकाशा घडी करून खिशात ठेवला, त्याची गरज नव्हती. काकूंचं दार निळं होतं. तिथून गल्ली, पिठाच्या गिरणीपाशी वळण, चौक, मग अण्णासाहेबांच्या घराला वळसा घालून विहीर, आणि तसंच मागे. सहाशे चाळीस पावलं. वाटेत एक उतार आहे, जो येताना चढ होतो, भरल्या घागरीच्या वेळेला. मग मी भिंतीपाशी गेलो. माझ्या खांद्याइतकीच होती. विटांची, वरच्या कडेला काचा लावलेल्या, मधे एका भेगेतून पिंपळाचं रोप. तुम्ही जाल तेव्हा ती दिसेलच असं सांगत नाही. अलीकडे उभं राहिलं की पलीकडच्या रहाटाची कुरकुर स्पष्ट ऐकू येते. म्हणजे काकूंना घरात बसून रोज ऐकू येत असणार, कोण कधी पाणी ओढतंय.

निळ्या दारावर थाप मारायला हात उचलला आणि कोटाचं बटण नीट करून खाली घेतला. मग खानावळीत गेलो. पातोड्यांचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा होता, इतका तिखट की डोळ्यांतून पाणी आलं, आणि शेजारचा माणूस म्हणाला, "पुन्याचे काय? गूळ मागवू?" गूळ घेतला. दोन दिवसांचा प्रवास करून आलो तो हे करायला, आणि गूळ खाऊन परतलो. असा मी.

दुसरा दिवस

सकाळी विचार केला की दाराची भीती वाटते तर ओट्यापासून सुरुवात करावी. अण्णासाहेब वारले आहेत. ओट्यावर त्यांचा मुलगा वसंतराव वर्तमानपत्र वाचत बसला होता. तोही वकील, पंचेचाळिशीचा, वडिलांसारखाच मोकळा.

"या, बसा. परकोट पाहायला आलात वाटतं? जेवले काय?"

सकाळचे साडेआठ वाजले होते. मी कापड उलगडून त्याच्यासमोर पसरलं.

"अरे! ही तर जुनी शीट. तुमच्याकडे कशी?"

"मी काढलीय."

तो सहीवर वाकला. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा सहीवर.

"वि. ग.! आम्ही इतकी वर्षं ते 'चि. म.' वाचत होतो हो! चि. म. नावाचा माणूस शोधायला मी नागपूरपर्यंत पत्रं टाकली."

मला रागावतील अशी तयारी करून गेलो होतो. ही तयारी नव्हती.

वसंतरावांनी सगळं सांगितलं. भिंत पाडतो, असं त्यांनी वडील गेल्यावर तीनदा काकूंना सांगितलं. काकू नको म्हणतात. तू पाडशील, तुझा मुलगा बांधील, मला मेहरबानी नको, कागद पाहिजे. कचेरीत विचारलं तर ते म्हणाले, मोजणी करणाऱ्यानंच लिहून दिलं आणि दोन्ही घरं कबूल असली तर शीट दुरुस्त होईल. दोन्ही घरं कबूल होती. मोजणी करणारा पुण्यात पोरांना नकाशे शिकवत होता.

"मी लिहून देतो," मी म्हणालो. "त्यात अण्णासाहेबांचं नाव येईल."

वसंतरावांनी वर्तमानपत्राची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली.

"येऊ द्या," ते म्हणाले.

तेवढ्यात गल्लीतून काकू आल्या. सत्तरीच्या, वाकलेल्या नव्हत्या, विधवेच्या तांबड्या आलवणाचा पदर डोक्यावर, कमरेवर घागर. आता त्या दाराआडून बोलत नाहीत; त्यांच्यापुढे आवाज चढवायची गल्लीत कुणाची प्राज्ञा नाही.

"काकू," वसंतराव उभे राहिले, "हे ते मोजणीवाले."

काकूंनी मला टोपीपासून जोड्यापर्यंत पाहिलं.

"आले काय? लई उशीर केला."

मी नमस्काराला वाकलो तर त्या मागे सरकल्या. "शिवू नका, सोवळ्यात आहे." शेजारी आपल्या घरात गेल्या, घागर ठेवली आणि दुसरी घेऊन आल्या. ती त्यांनी ओट्याच्या कडेला ठेवली आणि हात काढून घेतला.

"ही वापरायच्या पाण्याची आहे, हिले कोणीही शिवलं तं चालते. उचला. पहिले पाणी आणा, मग बोलू."

"काकू! पाहुणे आहेत ते," वसंतराव म्हणाले.

"तुह्याच घरचे पाहुणे होते, म्हणूनच तं झालं."

मी कोट काढला. पुण्यात माझ्या घरी नळ आहे, आणि तांब्यासुद्धा बायको भरते. विहिरीवर दोन बायका होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावून मला जागा दिली आणि मी पोहरा तीनदा रिकामा वर काढला, तेव्हा पदर सोडून उघड हसल्या. घागर भरून खांद्यावर घेतली. पहिल्या शंभर पावलांत सदरा भिजला. चौकात करीमचाचानं भाता थांबवला. आधी त्यानं घागर ओळखली, मग मला, आणि त्याच्या तोंडून हळूच निघालं, "या अल्ला. साहेब, तुमीच का?" मी मान हलवायला गेलो आणि आणखी पाणी सांडलं. "चालत राहा," तो म्हणाला, "अजून पाव फेरा हाये." चढावर श्वास लागला. ओट्याओट्यावरून लोक उठून उभे राहत होते. कालचे ते म्हातारे गृहस्थ शेजाऱ्याला सांगत होते, "मी म्हटलंच होतं, याच्याजवळ सुया नाहीत."

काकूंनी घागरीत डोकावलं.

"अर्धी सांडली. किती चालले?"

"सहाशे चाळीस पावलं. काल मोजली."

"तुमची. माझी आठशे होतात."

वसंतरावांनी दौत, टाक, कागद आणून ठेवला. मी ओट्यावर बसून लिहिलं, कचेरीच्या भाषेत, सुवाच्य. बुधवाऱ्यातील अमुक दोन घरांमधील बोळ सामाईक असून, मोजणीच्या वेळी कै. अण्णासाहेबांनी तो आपला एकट्याचा असल्याचे सांगितले, व शेजारील बाईंचे म्हणणे दाराआडून असल्याने मला नीट ऐकू आले नाही, सबब चूक झाली. वसंतरावांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. वडिलांच्या नावाशी त्यांचा आवाज जरा खाली गेला, पण त्यांनी शब्द गाळला नाही.

"थांब," काकू म्हणाल्या. "काय ऐकू आलं नाही?"

"काकू, दाराआडून तुमचा आवाज..." मी सुरू केलं.

"मी म्हटलं, बोळ दोघांचा आहे, लिहून घ्या. तुम्ही म्हटलं, 'बरं बाई.'"

म्हटलं होतं. हे मी गुलाबरावला सांगितलं नाही, आणि वाचकहो, वर तुम्हालाही सांगितलं नाही. वडाभात सांगितला, फोडणी सांगितली, एवढं मात्र गाळलं. मी "बरं बाई" म्हणालो, पेन्सिल खाली ठेवली आणि हात धुवायला आत गेलो. जेवताना अण्णासाहेब म्हणाले, ती काहीही बोलते, तुम्ही मनावर घेऊ नका. मी मनावर घेतलं नाही. उठल्यावर रेघ काढली. ज्याच्या घरी जेवलो त्याला नाही म्हणायचं धाडस बाविसाव्या वर्षी नव्हतं, आणि खरं तर बावन्नाव्या वर्षीही नव्हतं. मेलेल्या माणसाच्या माथी सगळं घालून मी गाडी पकडायच्या बेतात होतो.

"त्या 'बरं बाई'वर मी निर्धास्त राहिले," काकू म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, वाण्याला माप समजावून सांगावं तसं सांगत होत्या. "नाही तं कचेरीत माणूस धाडला असता ना तेव्हाच. दवंडी पिटली होती, तक्रार असेल तं महिन्यात सांगा म्हणून. मी म्हटलं, मले काय करायचं, त्याहिनं तं लिहून घेतलं. भिंत उठली तेव्हा समजलं."

वसंतराव घसा साफ करून म्हणाले, "काकू, 'ऐकू आले नाही' एवढं राहिलं तरी शीट दुरुस्त होते. यांची नोकरी शाळेची आहे. कशाला यांच्या..."

"शीट दुरुस्त होईल. मी खोटी राहीन." त्यांनी गल्लीकडे हात केला. "तीस वर्षं झाले, सारे मलेच सांगतात. तुह्या वडिलानं सांगितलं, तुह्या आईनं सांगितलं. दुर्गे, तू बोलली असशील, पण मोठ्यानं बोलली नसशील. बाईनं हळू बोलायचं, आन् मग ऐकू आलं नाही म्हणून तिचाच दोष. मी मोठ्यानं बोलले होते. रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं."

"रस्त्यावर ऐकू गेलं होतं," मी म्हणालो. "अकोल्यात त्याचा साक्षीदार आहे. भाकर फार आग्रहानं वाढतात त्याच्याकडे."

काकू हसल्या नाहीत. पण वसंतराव हसले, आणि मला टाक उचलता आला. मी ती ओळ खोडली. खोडलेल्याच्या वर बारीक अक्षरात मावेना, म्हणून नवा कागद मागितला आणि पहिल्यापासून लिहिलं. अण्णासाहेबांचं नाव ठेवलं, कारण ते खरं होतं. पुढे लिहिलं की शेजारील बाईंचे म्हणणे मला स्पष्ट ऐकू आले होते, मी त्यांस होकार दिला होता, व तरीही ते लिहून घेतले नाही. खाली सही केली, आद्याक्षरांची नाही, पूर्ण नावाची, गावासकट, तिसरीतल्या मुलाला वाचता यावी अशी.

वसंतरावांनी वाचायला कागद घेतला, तर काकूंनी बोटानं माझ्याकडे दाखवलं.

"त्याहिले वाचू दे. उभं राहून. आन् मोठ्यानं, दाराआड बाया आहेत."

मी वर्गाबाहेर कधी आवाज चढवलेला नाही. घरात तर भिंतीवरचं घड्याळ माझ्यापेक्षा जास्त बोलतं. ओट्याच्या कडेला ओल्या सदऱ्यानिशी उभा राहिलो आणि वाचलं. "होकार दिला होता" इथे अडखळलो, पुन्हा त्या शब्दापासून वाचलं. गल्लीत भात्याचा आवाज नव्हता, झोपाळ्याचा नव्हता.

समोरच्या दाराआडून एक आवाज आला, "आलं काकू ऐकू."

मग वरच्या माडीवरून दुसरा. "आमाले नाई आलं. पुन्हा वाचा म्हना."

मी पुन्हा वाचलं.